रीपरमध्ये रिव्हर्ब आणि डिलेचा सिग्नल वळवणे व त्याचे स्वतंत्र स्टेम काढणे

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला गाणे स्वतःच्या संगणकावर असेपर्यंत इफेक्टचा सिग्नल कोणत्या वाटेने जातो याची फारशी चिंता करावी लागत नाही. फाइली दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली की मात्र मागण्या सुरू होतात. मिक्स करणारा म्हणतो की आवाज ड्राय, म्हणजे इफेक्टविना, द्या आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वेगळा द्या. रंगमंचावर गाणाऱ्याला मायनस ट्रॅक, म्हणजे मुख्य गायन वगळलेले गाणे, हवा असतो. व्हिडिओचे संकलन करणाऱ्याला वाद्ये एका फाइलीत आणि गायन दुसऱ्या फाइलीत लागते. अशा सुट्या फाइलींना स्टेम म्हणतात. या तिन्ही मागण्या पुरवता येतील की नाही हे एक्स्पोर्टची खिडकी उघडण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे पहिला रिव्हर्ब लावला त्या क्षणी, ठरलेले असते. म्हणून या लेखात राउटिंग (सिग्नल वळवणे) आणि एक्स्पोर्ट (फाइली काढणे) ही दोन कामे एकत्रच घेतली आहेत.

उदाहरणासाठी कॉकोस या कंपनीचे रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घेऊ. ते विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि मूल्यमापनासाठी ६० दिवस कोणत्याही मर्यादेविना वापरता येते. त्यातील एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी: रीपरमध्ये ऑक्स, बस, ग्रुप असे ट्रॅकचे निराळे प्रकार नाहीत. एकच प्रकारचा ट्रॅक असतो आणि त्याला आपण जे काम देऊ ते तो करतो. इतर सॉफ्टवेअरमधून येणाऱ्यांना हे सुरुवातीला चमत्कारिक वाटते. पण सिग्नलची वाट समजून घेण्यासाठी याहून स्वच्छ मांडणी माझ्या पाहण्यात नाही. गाणे म्हणून एक अभंग धरू. मुख्य गायन, चार जणांचा कोरस, हार्मोनियम, तबल्याचे दोन माइक म्हणजे एक दायावर आणि एक डग्ग्यावर, पखवाज, टाळ आणि तानपुरा एवढे त्याचे ट्रॅक. लय मिनिटाला ८० मात्रा.

इन्सर्ट आणि सेंड

इफेक्ट लावण्याच्या दोन पद्धती आहेत. गायनाच्या ट्रॅकवरच प्लगइन (इफेक्ट देणारे छोटे सॉफ्टवेअर) टाकले तर तो इन्सर्ट झाला. संपूर्ण आवाज त्या प्लगइनमधून जातो आणि पुढे जे मिळते ते मिश्रणच असते. दुसऱ्या पद्धतीत आवाजाची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर पाठवायची, रिव्हर्ब तिथे ठेवायचा आणि मूळ आवाज आपल्या वाटेने सरळ मास्टरकडे, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथे, जाऊ द्यायचा. याला सेंड म्हणतात. ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. १९५७ साली ईएमटी १४० हा प्लेट रिव्हर्ब आला तेव्हा तो आत पत्रा टांगलेला अजस्र पेटारा होता. प्रत्येक वाद्यासाठी एक घेणे कोणालाही शक्य नव्हते, त्यामुळे मिक्सरवरून सगळ्यांचा थोडा थोडा सिग्नल त्या एकाच यंत्राकडे वळवला जाई. आज रिव्हर्ब हवे तितके उघडता येतात, तरी सेंड टिकून आहे आणि त्याचे कारण एक्स्पोर्ट करताना नेमके समजते: सेंडने केलेला रिव्हर्ब आपल्याजवळ वेगळा असतो, इन्सर्टने केलेला नसतो.

कॉम्प्रेसर (पातळी आवळणारा), इक्वलायझर, डी-एसर (‘स’चे फवारे दाबणारा) यांसारखे जे इफेक्ट आवाजाचे रूपच बदलतात ते इन्सर्ट म्हणून ठेवावेत. रिव्हर्ब, डिले (प्रतिध्वनीसारखी आवर्तने) आणि बहुतेक वेळा कोरस-इफेक्ट (एक आवाज अनेकांचा भासवणारा) हे आवाजात भर घालतात. त्यांना सेंडवर ठेवावे.

इफेक्टचा ट्रॅक तयार करणे

कंट्रोल-टी दाबून तीन नवे ट्रॅक घ्यावेत आणि त्यांना ‘हॉल’, ‘प्लेट’ आणि ‘डिले’ अशी नावे द्यावीत. हॉलवर आणि प्लेटवर रीपरसोबत येणारे रीआव्हर्बेट किंवा इम्पल्स रिस्पॉन्सवर (एखाद्या जागेच्या घुमाऱ्याच्या नमुन्यावर) चालणारे रीआव्हर्ब टाकावे, डिलेवर रीआडिले. यानंतरची पायरी अनेक जण विसरतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. प्लगइनमधील ‘ड्राय’ची पट्टी अगदी तळाला न्यावी आणि ‘वेट’, म्हणजे इफेक्टचा आवाज, शून्य डेसिबलला ठेवावे. ड्राय चालू राहिला तर मूळ आवाज दोन वाटांनी मास्टरला पोचतो, सेंड वाढवला की रिव्हर्बबरोबर गायनही मोठे होते, आणि एक्स्पोर्ट केलेल्या रिव्हर्बच्या फाइलीत गायकाचा स्पष्ट आवाज सापडतो. तपासणी सोपी आहे. इफेक्टचा ट्रॅक सोलो करून ऐकावा. केवळ घुमारा ऐकू आला तर काम ठीक, शब्दांची उघडी व्यंजने कानावर आली तर ड्राय कुठेतरी शिल्लक आहे.

सेंड जोडण्यासाठी गायनाच्या ट्रॅकवरील ‘रूट’ हे बटण धरून ‘हॉल’ ट्रॅकवर ओढून सोडावे. लगेच एक छोटी खिडकी उघडते. तीत सेंडची पातळी, पॅन (डावी-उजवी बाजू), म्यूट आणि फेज उलटण्याचे बटण असते, शिवाय सिग्नल कोणत्या चॅनेलमधून कोणत्या चॅनेलला जातो ते ‘१/२’ ते ‘१/२’ असे दिसते. तिथेच मिडीचीही (वाद्यांना दिल्या जाणाऱ्या स्वरांच्या सूचनांची) एक ओळ असते. ती आपोआप सर्व चॅनेलवर असते. इफेक्टच्या सेंडसाठी ती बंद करणे बरे. ट्रॅक जास्त असतील तर ओढाओढ करण्याऐवजी ऑल्ट-आर दाबून राउटिंग मॅट्रिक्स उघडावे. डाव्या बाजूला उगम, वर गंतव्य आणि मधल्या चौकटीत क्लिक केले की सेंड तयार. दहा ट्रॅकचे सेंड एका नजरेत दिसत असल्याने चुकून दुहेरी गेलेला सिग्नलही इथेच पकडला जातो.

गायनाचा ‘मास्टर सेंड’ चालूच ठेवावा, कारण ड्राय आवाज त्याच वाटेने जायचा आहे. याउलट कोरसचे चार ट्रॅक एका ‘कोरस-बस’वर, म्हणजे सगळ्यांचा आवाज जमा करणाऱ्या ट्रॅकवर, गोळा करताना त्या चारही ट्रॅकचा मास्टर सेंड बंद करावा लागतो, नाही तर प्रत्येक आवाज दोनदा वाजतो. दोन्ही वेळा वापरले जाते ते सेंडचेच साधन, पण एका ठिकाणी प्रत पाठवायची असते आणि दुसऱ्या ठिकाणी सगळा आवाजच तिकडे वळवायचा असतो.

सेंड कुठून उचलला जातो

सेंडच्या खिडकीत तीन पर्याय असतात. ‘प्री-एफएक्स’ म्हणजे ट्रॅकवरील प्लगइनच्याही आधीचा कच्चा सिग्नल. ‘प्री-फेडर’ म्हणजे प्लगइन झाल्यानंतरचा पण फेडरच्या, म्हणजे ट्रॅकच्या पातळीच्या सरकपट्टीच्या, आधीचा. आणि ‘पोस्ट-फेडर’ म्हणजे फेडर आणि पॅन दोन्ही झाल्यानंतरचा. रिव्हर्बसाठी जवळजवळ नेहमीच पोस्ट-फेडर योग्य असतो, कारण गायनाचा फेडर खाली-वर केला की रिव्हर्बही त्याच प्रमाणात खाली-वर होतो आणि दोहोंमधील अंतर कायम राहते.

प्री-फेडरचा खरा उपयोग गायकाच्या हेडफोनसाठी आहे. नियंत्रणाच्या बाजूने आपण फेडर कितीही हलवला तरी गाणाऱ्याच्या कानातील आवाज बदलू नये म्हणून त्याचा सेंड प्री-फेडर ठेवतात. इथे आणखी एक मुद्दा आहे. गायकाला गाताना थोडा रिव्हर्ब हवासा वाटतो, आणि तो द्यावाही. पण तो ‘इनपुट एफएक्स’च्या साखळीत टाकू नये. इनपुट एफएक्समधून गेलेला आवाज तसाच मुद्रित होतो आणि मग तो रिव्हर्ब कधीच काढता येत नाही. सेंडवरचा किंवा ट्रॅकच्या नेहमीच्या साखळीतला रिव्हर्ब फक्त ऐकू येतो; ट्रॅक इनपुट मुद्रित करण्याच्या स्थितीत असेल तर फाइल ड्रायच राहते.

चुकीच्या जागी ठेवलेला प्री-फेडर सेंड मायनस ट्रॅकमध्ये उघडा पडतो. मुख्य गायनाचा फेडर तळाला ओढून मायनस काढला, पण हॉलकडचा सेंड प्री-फेडर होता, तर गायनाचा सगळा घुमारा हॉलमधून येतच राहतो. घरच्या स्पीकरवर कदाचित तो लक्षात येत नाही. सभागृहात मात्र रंगमंचावरील गायक ध्रुवपद उचलण्याआधीच मागून त्याच ध्रुवपदाचे भूत ऐकू येते, आणि दोघांच्या फेकीत थोडा फरक असेल तर ते लपवता येत नाही.

इफेक्टच्या ट्रॅकवर आणखी काय ठेवावे

इफेक्टचा ट्रॅक हा पूर्ण ट्रॅक असल्याने त्यावर रिव्हर्बच्या आधी किंवा नंतर इतर प्लगइन ठेवता येतात, आणि मिक्सची बरीच सफाई इथेच होते. रिव्हर्बच्या आधी रीआइक्यू हा इक्वलायझर ठेवून साधारण २५० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा; डग्ग्याची घुमक आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा नाद हॉलमध्ये शिरला की सगळे गाणे गढूळ होते. वरच्या बाजूला ७-८ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग थोडा उतरवला तर ‘स’ आणि ‘श’ यांचे फवारे लांबत नाहीत. टाळाला हॉलकडे अगदी थोडे पाठवावे किंवा पाठवूच नये. त्याचा स्वतःचा झणत्कारच इतका लांब असतो की त्यावर चढवलेला रिव्हर्ब नुसता सुरकुतलेला आवाज देतो. तानपुऱ्याच्या बाबतीतही माझे मत असेच आहे, मात्र तिथे मतभेदाला जागा आहे.

रिव्हर्बला २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले दिला तर शब्दाचा आघात आधी मोकळा ऐकू येतो आणि घुमारा त्याच्या मागून येतो. रीआव्हर्बेटमध्ये यासाठी इनिशियल डिले आहे. डिलेचा काळ लयीवरून काढावा. ६०,००० ला मिनिटातील मात्रांनी भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात: ८० च्या लयीत ७५०, अर्ध्या मात्रेला ३७५, पाऊण मात्रेला ५६२.५. रीआडिलेत संगीताच्या मापाने लांबी देण्याचीही सोय आहे, पण ती प्रकल्पाच्या टेम्पोवर अवलंबून असते. अभंग क्लिकशिवाय मुद्रित केला असेल आणि लय शेवटी चढत गेली असेल, जे बहुधा घडतेच, तर मिलिसेकंद हाताने भरून चढत्या भागासाठी ते ऑटोमेशनने, म्हणजे गाणे वाजताना आपोआप बदलतील असे, बदलावेत.

डिले शब्दांवर चढू नये यासाठी डकिंग करतात. गायनापासून डिलेच्या ट्रॅककडे आणखी एक सेंड काढावा, त्याचे गंतव्य चॅनेल ‘३/४’ निवडावे आणि डिलेच्या मागे रीआकॉम्प हा कॉम्प्रेसर ठेवून त्याचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर लावावा. आता गायक गात असताना डिले दबतो आणि ओळ संपली की वर येतो. हा दुसरा सेंड ऐकण्यासाठी नसतो, तो केवळ कॉम्प्रेसरला केव्हा दाबायचे ते सांगतो. एक्स्पोर्टच्या वेळी याची आठवण ठेवावी लागते.

सगळ्या गाण्यावर डिले असण्याची गरज नसते. अनेकदा एखाद्याच जागी हवा असतो. उदाहरणार्थ, शेवटच्या आवर्तनात ‘विठ्ठल’ म्हणून गायक थांबतो आणि ‘ल’ सुटल्यावर तोच शब्द दोनदा विरत जावा असे वाटते. यासाठी गायनाच्या ट्रॅकच्या एन्व्हलपच्या (वेळेनुसार बदलणाऱ्या रेषांच्या) खिडकीतून डिलेकडच्या सेंडची पातळी ही रेषा उघडावी, ती सर्वत्र तळाला ठेवावी आणि त्या एका शब्दापुरती वर उचलावी. शब्द सुरू होण्याच्या किंचित आधी ती चढलेली असावी आणि ‘ल’ पूर्ण झाल्यावरच उतरावी. घाईने उतरवली तर डिलेत ‘विठ्ठ’ एवढेच उरते. प्लगइन बंद-चालू करण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण सेंड बंद झाला तरी डिलेचे आधीचे आवर्तन आपल्या गतीने विरत राहते.

फोल्डरची मांडणी

एकाच हॉलवर गायन, कोरस, हार्मोनियम आणि तबला सगळे पाठवले तर मिक्स एका जागेत बसल्यासारखा वाटतो, पण हॉलची फाइल एकच निघते. ज्याला गायन काढायचे आहे त्याने गायनाचे स्टेम म्यूट केले तरी हॉलच्या स्टेममध्ये गायनाचा घुमारा उरतो. मायनस ट्रॅकमधल्या भुताचे हे दुसरे कारण, आणि इथे सेंड पोस्ट-फेडर असूनही सुटका नाही.

यावर उपाय असा की हॉलचा ट्रॅक त्याच्या सगळ्या सेटिंगसह डुप्लिकेट करून ‘हॉल-गायन’, ‘हॉल-कोरस’ आणि ‘हॉल-वाद्ये’ असे तीन करावेत आणि प्रत्येक गटाचे सेंड आपापल्या हॉलकडे वळवावेत. डुप्लिकेट करताना आधीचे सेंडही सोबत येऊ शकतात. मॅट्रिक्समध्ये पाहून नको असलेले काढून टाकावेत. तीन वेगवेगळ्या रिव्हर्बमुळे आवाज बदलेल ही भीती निराधार आहे. साधा रिव्हर्ब रेषीय असतो, म्हणजे तीन सिग्नल एकत्र करून एका रिव्हर्बमधून काढले काय किंवा वेगवेगळे काढून नंतर मिळवले काय, बेरीज तीच येते. कॉम्प्रेसर किंवा सॅच्युरेशन यांना हे लागू नाही. हॉलच्या मागे कॉम्प्रेसर लावलेला असेल तर तो एकत्रित आवाजावर जसा वागतो तसा वेगवेगळ्या आवाजांवर वागत नाही, त्यामुळे विभागणी मिक्स करण्याआधीच करावी. मागाहून केली तर मिक्स पुन्हा ऐकून सावरावा लागतो.

विभागणी झाली की फोल्डर करावेत. ‘गायन’ या पालक ट्रॅकच्या पोटात ड्राय गायन, त्याची प्लेट, त्याचा डिले आणि ‘हॉल-गायन’ ठेवले की पोटातल्या सगळ्यांचा आवाज पालक ट्रॅकवर जमा होतो. आता पालक ट्रॅक एक्स्पोर्ट केला तर इफेक्टसह संपूर्ण गायन मिळते, पोटातले ट्रॅक एक्स्पोर्ट केले तर तेच गायन सुटे मिळते, आणि पालक म्यूट केला तर गायन त्याच्या घुमाऱ्यासह जाते. मायनस ट्रॅक आपोआप तयार. सेंड मात्र पोटातल्या ड्राय ट्रॅकवरूनच काढावा. पालकापासून त्याच्याच पोटातील इफेक्टकडे सेंड काढला तर सिग्नल गोल फिरतो. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये फीडबॅकला मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय रीपर तसे करू देत नाही आणि ती परवानगी देण्याचे इथे काही कारण नाही.

रेंडरची खिडकी

कंट्रोल-ऑल्ट-आर दाबल्यावर रेंडरची, म्हणजे एक्स्पोर्टची, खिडकी उघडते. तिच्यातील ‘सोर्स’ हा पर्याय या कामात सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यातील दोन नोंदी दिसायला सारख्या असून परिणामाने अगदी वेगळ्या आहेत.

‘स्टेम्स, सिलेक्टेड ट्रॅक्स’ निवडले तर निवडलेल्या प्रत्येक ट्रॅकचा आवाज त्याच्या प्लगइन, फेडर आणि पॅनसह स्वतंत्र फाइलीत उतरतो. त्या ट्रॅकने दुसरीकडे पाठवलेले सेंड यात येत नाहीत आणि मास्टरवरचे प्लगइनही येत नाहीत. म्हणून इफेक्टचे ट्रॅकही हाताने निवडावे लागतात. ते निवडायचे राहिले तर समोरच्याला पूर्ण कोरडे गाणे मिळते. ‘सिलेक्टेड ट्रॅक्स व्हाया मास्टर’ निवडले तर प्रत्येक ट्रॅक जणू एकटा सोलो करून मास्टरमधून काढला जातो, म्हणजे त्याच्या सेंडचा रिव्हर्ब आणि मास्टरचे प्लगइन दोन्ही त्याच फाइलीत मिसळतात.

दुसरा पर्याय सोयीचा दिसतो, तरी मी तो क्वचितच वापरतो. मास्टरवर लिमिटर किंवा कॉम्प्रेसर असेल तर एकट्या टाळावर तो काहीच करत नाही आणि पूर्ण गाण्यावर बरेच करतो. त्यामुळे अशा फाइलींची बेरीज मूळ मिक्सशी जुळत नाही. डकिंगसारखी एका ट्रॅकच्या इशाऱ्यावर चालणारी योजना असेल तर डिलेचा ट्रॅक एकटा काढताना इशारा पोचतो की नाही हे ऐकून तपासावे लागते. मिक्ससाठी पाठवायचे असेल तेव्हा पहिला पर्याय घ्यावा, ड्राय आणि इफेक्टचे ट्रॅक दोन्ही निवडावेत, आणि कंट्रोल दाबून एकेक निवडताना कोणताही ट्रॅक म्यूट नाही ना तेही पाहावे, कारण म्यूट ट्रॅकची फाइल शांततेने भरलेली निघते.

‘बाउंड्स’मध्ये संपूर्ण प्रकल्प निवडावा. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होऊन एकाच लांबीच्या असल्या की समोरच्याने त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आरंभाला ठेवल्या की जुळतात. गायन दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असेल तरी आधीची शांतता कापू नये. ‘टेल’ची, म्हणजे गाणे संपल्यावरच्या वाढीव वेळेची, खूण चालू करून मोठ्या हॉलसाठी ५,००० ते ६,००० मिलिसेकंद द्यावेत; मुळात असलेले १,००० अशा हॉलला पुरत नाहीत आणि शेवटच्या समेचा घुमारा अर्ध्यावर तुटतो.

सॅम्पल रेट प्रकल्पाचा आहे तोच ठेवावा. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ आणि केवळ ऑडिओसाठी ४४.१ किलोहर्ट्झ ही रूढ मूल्ये आहेत, पण ती ध्वनिमुद्रणाआधी ठरवायची असतात, एक्स्पोर्ट करताना नव्हे. फाइल वेव्ह, २४ बिट. रीपरचे आतले गणित ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालते, त्यामुळे एखादा ट्रॅक शून्याच्या वर गेला तरी आत आवाज फाटत नाही. २४ बिटच्या फाइलीत मात्र तो फाटतो. पातळीविषयी खात्री नसेल तर ३२ बिट फ्लोट घ्यावे. मोनोच्या बाबतीत, एका माइकवरचे ड्राय गायन मोनोत देता येते आणि त्यासाठी रेंडरच्या खिडकीत वेगळी खूण आहे. इफेक्टचे स्टेम स्टिरिओच असले पाहिजे, अन्यथा हॉलची रुंदीच जाते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १७.३ मेगाबाइट घेते. पाच मिनिटांच्या अभंगाचे चौदा स्टेम म्हणजे साधारण १.२ गिगाबाइट. ईमेलने ते जाणार नाहीत.

नावाच्या चौकटीत डॉलरचे चिन्ह लावलेले वाइल्डकार्ड वापरावे. ‘प्रोजेक्ट’ आणि ‘ट्रॅक’ या दोन वाइल्डकार्डांमुळे प्रत्येक फाइलीला गाण्याचे आणि ट्रॅकचे नाव आपोआप मिळते. एक्स्पोर्टआधी ट्रॅकची नावे रोमन लिपीत आणि मोकळ्या जागेविना करून घ्यावीत. देवनागरी नावे आपल्या संगणकावर नीट दिसतात, पण झिप करून दुसऱ्याकडे गेल्यावर कधी कधी त्यांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उरतात.

बाहेरचा खरा रिव्हर्ब किंवा टेप-एको रीआइन्सर्ट या प्लगइनमार्फत जोडलेला असेल तर रेंडरचा वेग ‘ऑनलाइन’ ठेवावा, म्हणजे गाणे प्रत्यक्ष वेळेत वाजून फाइल बनते. त्याहून बरे म्हणजे त्या यंत्राचा परतीचा आवाज आधीच एका वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करून ठेवावा. नंतर यंत्र हाताशी नसले तरी काम अडत नाही.

जुळते की नाही ते तपासणे

पाठवण्याआधी एक कसोटी जरूर घ्यावी. मास्टरवरील सगळे प्लगइन बंद करून, मास्टरचा फेडर शून्यावर ठेवून, ‘मास्टर मिक्स’ची एक फाइल आणि वरीलप्रमाणे सगळे स्टेम काढावेत. डिदर आणि नॉइज शेपिंगच्या (मुद्दाम सूक्ष्म गोंगाट मिसळण्याच्या) खुणा या वेळी बंद असाव्यात. फोल्डरचे पालक आणि त्यांच्या पोटातले ट्रॅक दोन्ही काढले असतील तर कसोटीत दोहोंपैकी एकच संच घ्यावा, नाही तर गायन दुप्पट होईल. मग कोरा प्रकल्प उघडून सगळ्या फाइली वेगवेगळ्या ट्रॅकवर शून्याला ठेवाव्यात, फेडरना हात लावू नये, आणि मास्टर मिक्सच्या ट्रॅकवरील फेज उलटण्याचे बटण दाबावे, म्हणजे तो मिक्स स्टेमच्या बेरजेतून वजा होतो. सगळे बरोबर असेल तर वाजवल्यावर शांतता मिळते आणि मास्टरचा मीटर जवळजवळ हलत नाही.

शांततेऐवजी काही ऐकू आले तर काय राहिले ते तो आवाजच सांगतो. फक्त घुमारा ऐकू येत असेल तर एखादा इफेक्टचा ट्रॅक निवडायचा राहिला आहे. स्पष्ट गायन ऐकू येत असेल तर ते बहुधा दोनदा मोजले गेले आहे, म्हणजे बसची आणि तिला आवाज पाठवणाऱ्या ट्रॅकची किंवा फोल्डरच्या पालकाची आणि त्याच्या पोटातल्या ट्रॅकची अशा दोन्ही फाइली घेतल्या आहेत. गाणे संपल्यावरच काही ऐकू आले तर टेल दोन्ही वेळा सारखी दिली नव्हती. एका बाबतीत मात्र पूर्ण शांतता मिळणार नाही: ज्या रिव्हर्बमध्ये किंवा कोरस-इफेक्टमध्ये यादृच्छिक मॉड्युलेशन (आवाजात सतत होणारा सूक्ष्म बदल) असते तो प्रत्येक रेंडरला किंचित निराळा आवाज देतो. उरलेला आवाज अगदी हलका आणि तरंगता असेल तर ते कारण समजून पुढे जावे. खात्री हवी असल्यास तेवढे मॉड्युलेशन बंद करून कसोटी पुन्हा घ्यावी.

इतर सॉफ्टवेअरमध्ये शब्द बदलतात, विचार तोच राहतो. एबलटन लाइव्हमध्ये इफेक्टच्या ट्रॅकला रिटर्न ट्रॅक म्हणतात आणि सर्व ट्रॅक सुटे एक्स्पोर्ट केले की रिटर्नच्या फाइलीही निघतात. रिटर्न आणि मास्टरचे इफेक्ट प्रत्येक फाइलीत मिसळण्याचा पर्याय तिथे वेगळा आहे आणि मिक्ससाठी पाठवताना तो बंद ठेवावा. क्यूबेसमध्ये एफएक्स चॅनेल असतात आणि ऑडिओ मिक्सडाउनच्या खिडकीत अनेक चॅनेल एकदम निवडता येतात, त्यात एफएक्स चॅनेलवर खूण करायला विसरू नये. प्रो टूल्समध्ये सेंड आधी एका बसवर जातो आणि ती बस ऑक्स इनपुटच्या ट्रॅकवर उघडते, म्हणून तिथे बसला नावे देण्याची शिस्त फार उपयोगी पडते.

फाइलींसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवावी. तीत लय, पट्टी म्हणजे काळी एक की पांढरी चार ते, सॅम्पल रेट, बिट डेप्थ, डिलेचा काळ मिलिसेकंदांत आणि कोणत्या स्टेममध्ये कोणता इफेक्ट आहे एवढे लिहावे. आपला अंदाजे मिक्सही संदर्भासाठी जोडावा, तोही त्याच लांबीचा. ‘विठ्ठल’वरच्या डिलेसारख्या ज्या जागा मुद्दाम योजलेल्या आहेत त्यांची वेळ मिनिट-सेकंदांत नोंदवावी, कारण मिक्स करणारा स्वतःचा रिव्हर्ब लावणार असेल तर तो आपले हॉलचे स्टेम बहुधा टाकून देईल, पण ते एक डिलेचे स्टेम त्याने ठेवावे असे आपल्याला वाटत असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.